कायदा पास झाला ना, मग अजून काय करताय?

हा प्रश्न मला नातेवाईकांच्या ग्रुपवर, ऑफिसात, न्यू जर्सीतल्या एडिसनच्या मित्रमंडळींत, सगळीकडे येतो. न्यूयॉर्क राज्याच्या क्लायमेटच्या कायद्यावर जुलै २०१९ मध्ये सही झाली, पेपरात फोटो आले, माजी उपराष्ट्राध्यक्ष अल गोर पण हजर होते, मग तुम्ही लोक अजून बस भरभरून राज्याच्या राजधानीला, आल्बनीला, कशाला जाता? प्रश्न बरोबर आहे पण उत्तर एका मेसेजमध्ये मावत नाही म्हणून इथे लिहितेय, लांबण लागणार आहे, चहा घेऊन बसा.

कायद्यात काय आहे ते पटकन. २०३० पर्यंत राज्यातली ७० टक्के वीज अपारंपरिक स्रोतांतून, २०४० पर्यंत सगळी वीज शून्य उत्सर्जनाची, आणि १९९० च्या तुलनेत एकूण उत्सर्जन २०३० पर्यंत ४० टक्के आणि २०५० पर्यंत ८५ टक्के कमी. बातम्यांत हेच आकडे येतात. आमच्यासारख्यांनी चपला झिजवल्या त्या दुसऱ्याच एका कलमासाठी. ज्या वस्त्यांनी इतकी वर्षं धूर गिळला त्यांना या सगळ्या खर्चातून मिळणार काय, आणि नवीन चिमणी पुन्हा त्यांच्याच दारात उभी राहणार का, हे ठरवणारं कलम.

मी जॅक्सन हाइट्सला राहते, न्यूयॉर्क शहराच्या क्वीन्स भागात. इथून थोडं पश्चिमेला गेलं की ईस्ट रिव्हरच्या काठावर रेवन्सवूडच्या लाल-पांढऱ्या चिमण्या दिसतात, मॅनहॅटनचे फोटो काढणारे त्या फ्रेममधून कापून टाकतात. त्या चिमण्यांना खेटून क्वीन्सब्रिज हाउसेस, अमेरिकेतली सगळ्यात मोठी सरकारी वसाहत, तीन हजारांहून जास्त घरं. जरा वर ॲस्टोरियाला आणखी वीजकेंद्रं. पलीकडे साउथ ब्रॉंक्स, तिथल्या मॉट हेवनला लोक सरळ दम्याची गल्लीच म्हणतात.

यातले बरेच पीकर प्लांट आहेत. म्हणजे काय तर उन्हाळ्यात सगळ्या शहराचे एसी एकदम सुरू झाले की जी जादा वीज लागते तेवढ्यापुरते चालवायचे, एरवी बंद. जुने, घाणेरडे आणि वीज महाग, आणि ज्या दिवशी हवा आधीच वाईट असते नेमके त्याच दिवशी हे धूर सोडणार. २००१ साली राज्याच्या वीज प्राधिकरणाने शहरात गॅसचे छोटे टर्बाइन आणून बसवले, साउथ ब्रॉंक्स, सनसेट पार्क वगैरे भागांत, तात्पुरते आहेत म्हणून सांगून, आणि क्षमता ठेवली ७९.९ मेगावॅट, कारण ८० झाले की मोठी पर्यावरण छाननी लागते! हा पॉइंट नऊ मला पहिल्यांदा कोणी सांगितला तेव्हा मी हसले होते. आपल्याकडचा कुठलाही बिल्डर पाया पडेल असा हिशोब आहे. तात्पुरत्याला वीस वर्षं उलटून गेली, टर्बाइन अजून आहेत.

मी मूळची चेंबूरची, त्यामुळे रिफायनरीच्या वासाचं मला कोणी काही शिकवायची गरज नव्हती. तानसा पाइपलाइनलगतच्या झोपड्या पाडून हजारो कुटुंबं माहुलला रिफायनऱ्यांच्या दारात नेऊन टाकली, ती माणसं विद्याविहारला महिनोन्महिने रस्त्यावर बसली तेव्हा कुठे २०१९ मध्ये हायकोर्टाने सांगितलं की त्यांना दुसरीकडे राहायला महिना १५ हजार रुपये भाडं द्या. हे सगळं मी इथे बसून फोनवर वाचत होते आणि त्याच दिवसांत इकडे आमचं विधेयक शेवटच्या टप्प्यात होतं. गरिबाला धुराच्या तोंडी बसवायचं आणि मग विचारायचं, तुम्ही इथे राहताच कशाला, हे दोन्हीकडे सेम टू सेम.

आता राज्यच का, वॉशिंग्टन का नाही? कारण वीजकेंद्राचं परमिट राज्य देतं, विजेचे दर राज्याचा आयोग ठरवतो, नवीन इमारतीत गॅसची पाइप टाकायची की नाही हे राज्याच्या बिल्डिंग कोडमध्ये असतं. वॉशिंग्टनमध्ये दर चार वर्षांनी सगळं उलटंपालटं होतं आणि टीव्हीवर भांडणं मस्त दिसतात, पण दम्याचा पंप कोणाच्या पर्समध्ये असणार हे बरंचसं आल्बनीत ठरतं. अर्थात आल्बनीच्या बातम्या कोणी बघत नाही, आणि गॅस कंपन्यांच्या लॉबीवाल्यांना तेच सोयीचं पडतं.

तर सुरुवात. ऑक्टोबर २०१२ मध्ये सँडी वादळ आलं, किनाऱ्यालगतच्या सरकारी वसाहतींत लोक कित्येक दिवस विजेशिवाय, लिफ्टशिवाय अंधारात अडकले. मग सप्टेंबर २०१४ चा तो प्रचंड मोर्चा, लाखोंचा. मोर्चा झाल्यावर लोक घरी जातात, तसे न जाता काही लोक बसले आणि म्हणाले आता नेमकं मागायचं काय. त्यातून एनवाय रिन्यूज नावाची आघाडी उभी राहिली. युनियनवाले, भाडेकरू संघटना, चर्चवाले, पर्यावरणवाले, हार्लेमची वी ॲक्टसारखी १९८८ पासून याच विषयावर भांडणारी संघटना, सनसेट पार्कची अपरोज, बफेलोची पुश. या लोकांचं एकमेकांशी पटतं असं समजू नका. युनियनला नोकऱ्यांची काळजी, पर्यावरणवाल्याला कार्बनच्या टनांची, वस्तीतल्या बाईला पोराच्या खोकल्याची. एकाच विधेयकात हे तिन्ही बसवायला जे डोकं लागलं ते माझ्या मते या सगळ्या गोष्टीतलं सगळ्यात मोठं काम, आणि त्याचा फोटो कुठेच नाही.

विधेयक असेंब्लीत, म्हणजे राज्याच्या विधिमंडळाच्या खालच्या सभागृहात, २०१६ मध्ये पास झालं, २०१७ मध्ये पुन्हा, २०१८ मध्ये पुन्हा. तिन्ही वेळा सिनेटमध्ये, म्हणजे वरच्या सभागृहात, मतदानालाच आलं नाही. का? कारण सिनेटमध्ये आठ डेमोक्रॅट असे होते की निवडून यायचे डेमोक्रॅट म्हणून आणि सभागृहाच्या चाव्या द्यायच्या रिपब्लिकनांच्या हातात, बदल्यात समित्यांची अध्यक्षपदं, भत्ते वगैरे. महाराष्ट्रातल्या वाचकांना हा प्रकार समजावून सांगायची गरज नाही.

मी या लफड्यात पडले ते याच काळात, आमच्या बिल्डिंगमधल्या भाडेकरूंच्या मीटिंगमुळे. खरं तर हीटिंग चालत नाही म्हणून गेले होते. तिथे एक बांगलादेशी आपा होत्या, घरकाम करणाऱ्या बायकांच्या संघटनेतल्या, त्यांनी माझं नाव लॉबी डेच्या यादीत लिहून टाकलं, मला विचारलं नंतर. लॉबी डे म्हणजे पहाटे अंधारात बस पकडायची, तीन तास आल्बनी, सामान तपासून आत, मग दिवसभर लेजिस्लेटिव्ह ऑफिस बिल्डिंगच्या मजल्यांवरून वर खाली. आमदार भेटत नाहीत, भेटतो त्यांचा स्टाफर, वय जेमतेम चोवीस, डोळ्याखाली काळी वर्तुळं, तो तुमच्याकडून एक पानी कागद घेतो आणि विचारतो, तुम्ही आमच्या मतदारसंघात राहता का? बस, या एका प्रश्नाच्या उत्तरावर पुढची दहा मिनिटं ठरतात. तुमची पीएचडी, तुमचे ग्राफ, ध्रुवीय अस्वलं, काही चालत नाही. पत्ता चालतो. आणि पत्त्याबरोबर एखादी गोष्ट असेल तर पेन उचललं जातं. आपा त्यांच्या मुलाच्या इमर्जन्सी रूमच्या कागदांची फाइल घेऊन यायच्या, तारखेनिशी, आणि त्या तारखांना तापमान किती होतं तेही पेन्सिलने बाजूला लिहिलेलं. असा अभ्यास मी कुठल्या थिंक टँकच्या रिपोर्टात पाहिला नाही.

एडिसनचा एक मित्र मला म्हणाला होता, तुला मत देता येत नाही, ग्रीन कार्डाच्या रांगेत आहेस, उगाच कशाला नजरेत येतेस? त्याची भीती अगदीच पोकळ होती असं नाही, आताच्या वातावरणात तर नाहीच, आणि ज्यांचे कागद कच्चे आहेत त्यांना आम्ही आल्बनीच्या पायऱ्यांवर ठिय्या द्यायला कधीच नेत नाही. पण आमदाराकडे आपली तक्रार घेऊन जायला आणि सुनावणीत बोलायला नागरिकत्व लागत नाही. राहते मी इथे, वीज बिल भरते, हवा तीच. बाय द वे या मित्राच्या स्वतःच्या राज्यात, न्यू जर्सीत, २०२० मध्ये असा कायदा झालाय की आधीच प्रदूषणाने पिचलेल्या वस्तीत नवा प्रकल्प भर घालणार असेल तर परमिट नाकारायलाच लागतं. अमेरिकेत इतका कडक पहिलाच. न्यूअर्कच्या आयर्नबाउंडच्या लोकांनी त्यासाठी वर्षानुवर्षं घालवली. एडिसनमध्ये किती मराठी मंडळींना हे माहीत आहे? मी विचारून पाहिलंय, जाऊ दे.

मग २०१८. सप्टेंबरच्या प्राथमिक निवडणुकीत (पक्षाचा उमेदवार ठरवणारी) त्या आठांपैकी सहा जण पडले, आमच्या भागातला पण पडला, आणि नोव्हेंबरमध्ये सिनेट पूर्ण पलटलं. मला स्पष्ट लिहायचंय हे, कारण आपल्याकडे जनजागृती या शब्दावर फार श्रद्धा आहे. तीन वर्षं आम्ही जागृती करत होतो, विधेयक हललं नाही. सहा खुर्च्या गेल्या आणि आठ-नऊ महिन्यांत कायदा झाला. जागृती लागतेच पण ती कुठल्या खुर्चीपाशी जाऊन थांबणार आहे हे माहीत नसेल तर नुसती रॅली, टीशर्ट आणि सेल्फी.

जून २०१९ मध्ये सेशन संपता संपता गव्हर्नर कुओमोंच्या ऑफिसशी (इथला गव्हर्नर म्हणजे आपला मुख्यमंत्री समजा) तोडपाणी झालं. त्यांचा स्वतःचा वेगळा मसुदा होता, आमचा वेगळा, शेवटी नावसुद्धा अर्धं त्यांचं अर्धं आमचं. आमच्या मूळ विधेयकात होतं की क्लायमेटच्या पैशातले ४० टक्के वंचित वस्त्यांमध्ये खर्च झालेच पाहिजेत. आलं काय, तर खर्चाच्या फायद्यापैकी किमान ३५ टक्के, आणि ४० हे ध्येय. पैसा मोजता येतो हो, फायदा कोण मोजणार? मेट्रोची एखादी लाइन सुधारली की ती तुमच्या वस्तीवरून जाते म्हणून तुम्हाला फायदा झाला असं दाखवता येतं. कामगारांच्या वेतनाच्या अटी पण पातळ झाल्या. त्या रात्री काही जण रडले, आनंदाने नाही. मला विचाराल तर घेतलं ते बरोबर केलं, नाहीतर आणखी तीन वर्षं गेली असती, पण ज्यांनी तेव्हा शिव्या घातल्या त्यांच्या शिव्याही खऱ्याच होत्या.

आता मूळ प्रश्नाकडे, मग अजून काय करताय. तर कायद्यात "वंचित वस्ती" असं लिहिलं, पण वंचित वस्ती म्हणजे नेमकी कुठली? त्यासाठी वेगळा क्लायमेट जस्टिस गट नेमला, त्यांनी ४५ निकष लावले, दम्याने इमर्जन्सीत किती लोक जातात, भाड्यात उत्पन्नाचा किती भाग जातो, पुराचा धोका, उष्णता, इंग्रजी न येणारी घरं किती, पूर्वी बँकांनी कुठल्या वस्त्यांवर लाल रेघ मारून कर्ज नाकारलं होतं, सगळं. मसुदा २०२२ मध्ये आला, अंतिम यादी मार्च २०२३ मध्ये, राज्यातले १,७३६ सेन्सस ट्रॅक्ट, म्हणजे जनगणनेचे छोटे विभाग. मधल्या वर्षात आम्ही काय करत होतो तर नकाशा मोठा करून गल्ली गल्ली बघत होतो की कोण सुटलं. दिसायला ठीकठाक घरं आणि खाली बेसमेंटमध्ये दोन कुटुंबं, ती जनगणनेत नीट येतच नाहीत. १ सप्टेंबर २०२१ च्या रात्री आयडा वादळाच्या उरलेल्या पावसात, सेंट्रल पार्कला एका तासात ८० मिलिमीटर पडला तेव्हा, शहरात ११ माणसं बेसमेंटच्या घरांत बुडून मेली, बहुतेक क्वीन्समधली, काही तर माझ्या घरापासून चालत जाता येईल इतक्या जवळ. त्यांच्यासाठी कुठल्या निकषाचा कॉलम आहे ते शोधायला मजा येत नाही, पण कोणीतरी ते शोधायला लागतं.

मग कायदा अमलात कसा आणायचा त्याचा आराखडा. राज्याच्या क्लायमेट कौन्सिलने ११ जनसुनावण्या घेतल्या, ३५ हजारांच्या आसपास सूचना आल्या, डिसेंबर २०२२ मध्ये १९ विरुद्ध ३ असा पास. मग एप्रिल २०२३ मध्ये बजेटच्या धामधुमीत नवीनच भानगड, मिथेनचा हिशोब २० वर्षांचा धरायचा की १०० वर्षांचा. वाचायला कंटाळा येईल असंच हे असतं, मुद्दाम. मिथेन म्हणजे स्वयंपाकाचा पाइप गॅस, तो हवेत फार वर्षं टिकत नाही पण टिकतो तेवढी वर्षं भयंकर तापवतो. २० वर्षांच्या हिशोबात तो कार्बन डायऑक्साइडच्या ८४ पट धरतात, १०० वर्षांच्या हिशोबात साधारण २८ पट. म्हणजे एक आकडा बदलला की गॅस कंपनीचं निम्म्याहून जास्त पाप कागदावरून गायब, हवेत एक कण कमी न होता. न्यूयॉर्कच्या २०१९ च्या कायद्यात २० वर्षं लिहिली होती. सरकारने ते बदलायचं काढलं आणि काही दिवसांत फोनांचा असा भडिमार झाला की मागे घ्यावं लागलं. घरकाम करणाऱ्या बायका, टॅक्सीवाले, निवृत्त शिक्षक, आमदाराच्या ऑफिसला फोन करून मिथेनच्या ८४ पटीबद्दल बोलत होते! आपांनी तर स्टाफरला उलट विचारलं, माझं पोर आता आठ वर्षांचं आहे, तू शंभर वर्षांचं कोणाचं बघतोयस?

आणि कायद्याने खरोखर काही केलं का? केलं. ॲस्टोरियाला एका कंपनीला जुन्या टर्बाइनच्या जागी ४३७ मेगावॅटचा नवा गॅस प्लांट टाकायचा होता. नवा जुन्यापेक्षा स्वच्छ आहे, मग विरोध कशाला, असं त्यांचं म्हणणं, वरवर बरोबर वाटणारं. पण नवा म्हणजे पुढची तीस वर्षं गॅस, आणि कायदा म्हणतो २०४० ला शून्य. हजारो हरकती गेल्या, घराघरांत जाऊन लिहून घेतलेल्या, आणि ऑक्टोबर २०२१ मध्ये राज्याच्या पर्यावरण खात्याने परमिट नाकारलं, कारण म्हणून याच कायद्याचं कलम लिहिलं. त्याच दिवशी न्यूबर्गजवळचा डॅन्सकॅमरचा प्लांट पण नाकारला. तो दिवस चांगला होता. कोणीतरी जिलबी आणली होती.

पण एक गोष्ट आमच्या शहरी लोकांना नीट कळत नाही असं माझं मत आहे, ती म्हणजे प्लांट बंद झाल्यावर काय. बफेलोजवळ टोनावांडाला हंटली नावाचं कोळशाचं केंद्र होतं, २०१६ मध्ये बंद पडलं. त्या गावाची शाळा, रस्ते, सगळं त्या प्लांटच्या टॅक्सवर. तिथल्या स्वच्छ हवेवाल्या बायकांनी आधीच शिक्षकांच्या आणि कामगारांच्या युनियनशी हातमिळवणी केली होती आणि बंद होणाऱ्या केंद्रांच्या गावांसाठी राज्याच्या बजेटमधून निधी काढून घेतला, शाळांचा खड्डा काही वर्षं तरी भरावा म्हणून. हवेचा लढा लढणाऱ्यांनी शाळेच्या टॅक्सचा हिशोब मांडला म्हणून कामगार त्यांच्या विरोधात गेले नाहीत. नाशिकच्या एकलहऱ्याला औष्णिक वीजकेंद्राचे जुने संच बंद झाले तर लोक नवा ६६० मेगावॅटचा संच द्या म्हणून मागे लागलेत, त्यांना पुण्या-मुंबईहून जाऊन कार्बनचं प्रवचन द्यायचं असेल तर आधी टोनावांडाचा हिशोब करून जा. कॉन्ट्रॅक्टवरच्या कामगाराला, गेटसमोरच्या वडापाववाल्याला काय मिळणार ते सांगा. ते सांगता येत नसेल तर गप्प बसलेलं बरं.

आत्ताची स्थिती सांगते. कायदा म्हणत होता की उत्सर्जनाची मर्यादा पाळायला लावणारे नियम १ जानेवारी २०२४ पर्यंत करा. त्यासाठी प्रदूषण करणाऱ्यांकडून पैसे घेऊन ते वापरायची योजना तयार होत होती, आणि २०२५ च्या जानेवारीत गव्हर्नर होकल यांनी ती बाजूला ठेवली, महागाई, वीज बिलं वगैरे कारणं. कारणं खोटी नाहीत, आमच्याच यादीतल्या बायकांना बिलं भरता येत नाहीत. पण त्या योजनेतला पैसा त्यांच्याकडेच यायचा होता ना! मग काही संघटना कोर्टात गेल्या आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये कोर्टाने सांगितलं, नियम करा, नको असेल तर विधिमंडळात जाऊन कायदा बदलून आणा, पण कायदा असताना तो नाही असं वागू नका. त्यानंतर कायदाच बदलायची भाषा सुरू झाली. दुसरीकडे तेल कंपन्यांकडून २५ वर्षांत ७५ अब्ज डॉलर वसूल करायचा वेगळा कायदा डिसेंबर २०२४ मध्ये झालाय, तर त्याविरुद्ध केंद्र सरकारच कोर्टात गेलंय.

म्हणून बस भरतो. पुण्याच्या एका वाचकाने विचारलं होतं की महाराष्ट्रात असं काही करायचं तर कुठून सुरुवात करू. मला इथून शहाणपणा शिकवायचा नाही, तिथे आंदोलनं करणारी माणसं माझ्या जन्माआधीपासून करतायत. फक्त एवढं की राज्याच्या वीज नियामक आयोगापुढे दरवाढीच्या अर्जावर कोणीही ग्राहक हरकत नोंदवू शकतो, तिथे अभ्यास करून बोलणारे मोजके लोक असतात, आणि नवीन केंद्राच्या पर्यावरण जनसुनावणीला गावाबाहेरच्या लोकांची खुर्ची रिकामीच असते. ती सुनावणी मे महिन्याच्या उन्हात का ठेवतात ते विचारू नका.

इकडे पुढच्या आठवड्यात फोन बँकिंग आहे. कायदा कमजोर करू नका म्हणून आपापल्या सिनेटरला फोन करायला क्वीन्समधल्या घरांना सांगायचं. बांगला, नेपाळी, स्पॅनिश, पंजाबी बोलणारे भरपूर मिळालेत. मराठी बोलणाऱ्या घरांची यादी मी करतेय, अजून एकाच घराने होकार दिलाय आणि तिथे मीच राहते, तेव्हा वुडसाइड, एल्महर्स्ट, सनीसाइडला कोणी असाल तर खाली कळवा.